आठ महिने टॅबवर आणि फोनवर कॉमिक्स वाचल्यानंतर

कॉमिक्स वाचायचं ॲप घेतलं त्यामागचं कारण अगदी साधं होतं. कपाटात जागा उरली नव्हती. जाडजूड खंड एकावर एक रचलेले, खालचा काढायचा तर वरचे सहा उचलायचे, आणि अशाच उचलाठेवीत माझ्या आवडत्या खंडाची शिवण सुटली. दहा इंची टॅब घरात होताच, फोन तर कायम हातात. तेव्हापासून आठ महिने झाले. शंभरेक सुटे अंक आणि वीसेक खंड या दोन पडद्यांवर वाचून झाले आहेत आणि एखादा दिवस सोडला तर रोज वाचते. पहिल्या आठवड्यात मी ज्याला त्याला "घ्याच" म्हणून सांगत होते. आता कोणी विचारलं तर आधी विचारते, तुम्ही वाचता काय?

कारण कॉमिकचं पान हे एक ठरलेल्या मापाचं चित्र असतं. कादंबरीची अक्षरं लहान-मोठी केली की मजकूर आपोआप नव्याने मांडला जातो, ओळी कुठेही तुटल्या तरी चालतं. कॉमिकचं पान तसं मोडता येत नाही. चित्रकाराने कोणती चौकट केवढी, कोणती कुठे, हे पूर्ण पान नजरेसमोर ठेवून ठरवलेलं असतं. ते पान लहान पडद्यात कसं दाखवायचं, याच एका प्रश्नाभोवती सगळी ॲप्स फिरत असतात.

दुसऱ्याच महिन्यात मी पट्टी घेऊन मोजायला बसले. अमेरिकन अंकाचं छापील पान साधारण 16.8 सेंटीमीटर रुंद आणि 26 सेंटीमीटर उंच असतं. माझा टॅब 16:10 मापाचा आहे, म्हणजे पडद्याची लांबी आणि रुंदी या प्रमाणात आहे; उभा धरला की पडद्याची रुंदी साडेतेरा सेंटीमीटर भरते. म्हणजे पान मूळच्या सुमारे 80 टक्के दिसतं. चाळिशीच्या चष्म्यासह हे सुखाने वाचता येतं. फोनची रुंदी पावणेसात सेंटीमीटर, तिथे तेच पान 40 टक्के होतं आणि संवादाच्या फुग्यातली अक्षरं मुंगीएवढी. युरोपियन कॉमिक्सच्या मोठ्या पुस्तकाचं, म्हणजे अल्बमचं, पान अमेरिकन अंकाहून मोठं आणि रुंद असतं, जवळपास ए-चार कागदाएवढं. ते माझ्या उभ्या टॅबवर जेमतेम 60 टक्के दिसतं आणि वर-खाली काळ्या पट्ट्या उरतात. ज्यांच्याकडे 4:3 मापाचा टॅब आहे त्यांना हे अल्बम जवळजवळ कडेपासून कडेपर्यंत बसलेले दिसतील. नवा टॅब घेणार असाल आणि अशी कॉमिक्स वाचणार असाल तर इंचांआधी हे माप बघा.

माझ्या टॅबवर अल्बम वाचायची युक्ती मला बरीच उशिरा सापडली. टॅब आडवा करायचा आणि पान रुंदीला भिडवायचं. आडव्या पडद्याची रुंदी जवळजवळ 22 सेंटीमीटर, म्हणजे पान छापील आकाराच्या अगदी जवळ जातं, फक्त एका वेळी अर्धंच दिसतं. पण या अल्बमांची पानं बहुतेक वेळा चार ओळींची असतात, आणि कितीतरी चित्रकार अर्ध्या-अर्ध्या पानाच्या कागदावर चित्रं काढत आले आहेत. त्यामुळे समास कापला की वरच्या दोन ओळी नेमक्या पडद्यात मावतात आणि बोटाने एकदा वर सरकवलं की खालच्या दोन. चित्र कुठेही अर्धवट तुटत नाही. पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा मागच्या भिंतीवरच्या चित्रांची, टेबलावरच्या कागदांची बारीक रेघ दिसायला लागली आणि मी आधीचे तीन अल्बम परत पहिल्यापासून वाचले.

आता मुख्य मुद्दा. लहान पडद्यासाठी जवळपास प्रत्येक ॲपमध्ये एक सोय असते. एक टॅप केला की पान बाजूला होतं आणि फक्त एक चौकट पडदाभर येते. पुढचा टॅप, पुढची चौकट. 2007 मध्ये सुरू झालेल्या कॉमिक्सॉलॉजी या डिजिटल कॉमिक्सच्या सेवेने ही पद्धत 'गाइडेड व्ह्यू' या नावाने लोकप्रिय केली, आणि आता ती निरनिराळ्या नावांनी सगळीकडे आहे. मी तिला चौकटवाचन म्हणते. फोनवर एका हाताने, उभ्या उभ्या वाचायचं तर याला पर्याय नाही. नजर कमजोर असलेल्यांना तर हे वरदानच आहे, प्रत्येक फुगा ठळक दिसतो. शिवाय पानाच्या तळाशी काय घडणार हे आधीच नजरेला पडत नाही, त्यामुळे रहस्यकथांमध्ये खरोखर मजा येते.

पहिले तीन महिने मी फोनवर सगळं असंच वाचलं. मग एक दिवस माझी भाची शेजारी बसून माझ्या फोनवर तेच कॉमिक वाचत होती. अकरा वर्षांची आहे, झरझर वाचते. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "मावशी, ही आजी कोणाशी बोलतेय? फोनवर?"

मी टॅबवर तेच पान उघडून दाखवलं. वर पानाच्या पूर्ण रुंदीची एक लांबलचक चौकट होती. डावीकडे दारात आजी आणि पार उजव्या टोकाला, खिडकीशी पाठ करून उभा असलेला नातू. मध्ये नुसती रिकामी खोली. खाली चार छोट्या चौकटी: आजीचा चेहरा, नातवाची वळलेली मूठ, पुन्हा आजी, पुन्हा मूठ. फोनवर ती लांब चौकट एकदम मावत नव्हती, म्हणून ॲपने आधी डावा भाग दाखवला, मग सरकून उजवा. भाचीने पटकन दोनदा टॅप केला आणि त्या सरकण्यात खोलीच निसटली. आजी एका पडद्यावर, नातू दुसऱ्यावर. टॅबवर पूर्ण पान बघताच ती ओरडली, "अगं, हा तर तिथेच आहे! सगळं ऐकतोय!"

मी ते पान फोनवर आधी वाचलेलं होतं आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मला वाटलं होतं की नातू दुसऱ्या दिवशी कुठेतरी उभा आहे. त्या दोघांमधलं अंतर, ती मधली रिकामी जागा, हेच त्या पानाचं सांगणं होतं आणि माझ्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. त्या रात्री मी तीन महिन्यांत फोनवर वाचलेल्या कॉमिक्सची यादी काढली आणि त्यातली निम्मी टॅबवर पुन्हा वाचायला घेतली.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण शंभर वर्षांहून जुन्या पानात सापडलं. विन्सर मॅके यांची 'लिटिल निमो इन स्लंबरलँड' ही मालिका ऑक्टोबर 1905 पासून न्यूयॉर्क हेरल्डमध्ये वर्तमानपत्राच्या पूर्ण पानावर येत असे. 26 जुलै 1908 च्या पानावर निमो या छोट्या मुलाचा पलंग जिवंत होतो, त्याचे पाय लांब लांब होत जातात आणि पलंग शहरभर चालत सुटतो. मॅके यांनी काय केलं आहे, तर पाय जसे वाढतात तशी चौकटींची उंचीही वाढवत नेली आहे. पानाकडे एक नजर टाकली तरी पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. हेच पान मी चौकटवाचनात लावून पाहिलं. ॲप प्रत्येक चौकट पडद्यात बसवतं, म्हणून उंच चौकट लहान केली जाते. नतीजा असा की पाय जेवढे लांब, तेवढा निमो बारीक, आणि पलंग वाढतोय असं वाटतच नाही. प्रत्येक चित्र नीट दिसतं, अक्षरंही वाचता येतात, आणि त्या पानाचा जीव मात्र गेलेला असतो.

म्हणून माझी आताची सवय अशी: फोनवर वाचलंच तर प्रत्येक पान आधी पूर्ण दाखव, मग चौकटी, आणि शेवटी पुन्हा पूर्ण पान, असं सेटिंग करून ठेवलं आहे. बऱ्याच ॲपमध्ये ते असतं, पण मेनूच्या तळाशी दडवलेलं. पानामागे दोन टॅप जास्त लागतात. ते दोन टॅप मी आनंदाने करते.

चौकटी कोण ठरवतं, यानेही फरक पडतो. जिथे माणसाने बसून पानातला मार्ग आखलेला असतो तिथे ते लगेच कळतं. कधी ॲप चेहऱ्यावर थांबतं आणि मग हळूच मागे येत पूर्ण चित्र दाखवतं, अगदी आपली नजर फिरेल तसं. जिथे यंत्र आपोआप चौकटी शोधतं तिथे सरळ रेघांच्या पानांवर काम ठीक चालतं, पण चौकटीला रेघच नसेल किंवा एखादा फुगा दोन चौकटींवर पसरला असेल तर गडबड होते. अर्धं वाक्य एका पडद्यावर, उरलेलं पुढच्या. एकदा तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आला.

जोडपानांचा त्रास टॅबवरही आहे. आडव्या टॅबवर दोन पानं शेजारी शेजारी लावली की छापील पुस्तक उघडल्यासारखं वाटतं, पण त्या जोड्या बरोबर लागल्या पाहिजेत. फाइलच्या सुरुवातीला जाहिरातीचं किंवा श्रेयनामावलीचं एखादं पान कमी-जास्त असलं की सगळ्या जोड्या एकाने सरकतात. मग दोन पानांवर पसरलेली लढाई मधोमध फाटते: घोड्याचं तोंड एका पडद्यावर, शेपूट पुढच्यावर. माझ्या ॲपमध्ये 'एका पानाने सरकवा' असं बटण आहे आणि ते प्रत्येक पुस्तकासाठी वेगळं लक्षात राहतं. ज्या ॲपमध्ये हे बटण नाही ते मी दोन दिवसांत काढून टाकलं.

जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगा, उजवीकडून डावीकडे वाचतात, हे बहुतेकांना माहीत असतं. ॲपमध्ये ती दिशा पुस्तकागणिक ठेवता येते. हाताला मात्र सवय व्हायला वेळ लागतो. मला आठवडाभर पुढे जायचं तर मागे जायची वेळ येत होती. मांगाचं छापील पुस्तक मुळातच छोटं आणि बहुतांशी काळं-पांढरं, त्यामुळे लहान टॅबवर ते अमेरिकन अंकांपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. फोनवरही पूर्ण पान कसंबसं वाचता येतं.

आणि मग ती कॉमिक्स, जी जन्मालाच फोनसाठी आली. वरून खाली एकच लांब पट्टी, बोटाने ओढत वाचायची. हा प्रकार कोरियात रुजला, तिथल्या नेव्हर कंपनीची वेबटून सेवा 2004 मध्ये सुरू झाली. कॉमिक्सचे अभ्यासक आणि चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 2000 सालीच कल्पना मांडली होती की पडद्याला पान न समजता खिडकी समजा, म्हणजे चित्राला हवं तेवढं पसरता येईल. ही पट्टी वाचताना मला ती खिडकी जाणवते. इथे चौकटींमधली रिकामी जागा म्हणजे वेळ. एका गोष्टीत मुलगी विहिरीत वाकून हाक मारते. त्यानंतर तीन-चार पडदेभर नुसता काळोख आहे. अंगठा ओढत राहायचा, ओढत राहायचा, आणि अगदी तळाशी एक बारीक अक्षरांचा फुगा. कागदावर हे असं करता येणार नाही. भाची हे माझ्यापेक्षा दसपट वेगाने वाचते, आणि मी टॅबवर वाचायला लागले तर म्हणते, "मावशी, त्यावर नको, सगळं फुगलेलं दिसतं." तिचं बरोबर आहे. पट्टी टॅबच्या रुंदीला ताणली की एकेक चेहरा ताटाएवढा होतो, रेघा पुसट दिसतात आणि तो काळोख दोन ओढींत संपतो. उभी पट्टी फोनवरच वाचावी.

तीन-चार चौकटींच्या रोजच्या विनोदी पट्ट्यांसाठीही फोन उत्तम. आडवा धरला की पट्टी बरोबर मावते.

रंगांबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण मी स्वतः कित्येक आठवडे चुकीचे रंग बघत होते. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळट करणारं सेटिंग मी संध्याकाळी आपोआप सुरू होईल असं ठेवलं होतं. एका कॉमिकमध्ये निळसर रात्र आणि पिवळा दिवा असा सगळा खेळ होता, आणि मला ते सपक वाटलं. दुपारी तेच पान उघडलं तर वेगळंच चित्र. आता रंगीत कॉमिकला ते सेटिंग बंद करते आणि त्याऐवजी ब्राइटनेस कमी करते. दुसरं म्हणजे फोनच्या पडद्याला बहुधा 'व्हिव्हिड' असा भडक रंगांचा पर्याय आधीपासून लावलेला असतो. तो 'नॅचरल' करा. जुन्या छपाईतले रंग बारीक ठिपक्यांनी बनलेले असतात, आणि असं स्कॅन केलेलं पान लहान करून पाहिलं की आकाशावर लाटांसारखी जाळी उमटते. तो पडद्याचा दोष नाही, ठिपके आणि पडद्याचे पिक्सेल एकमेकांत अडकल्यामुळे तसं होतं. थोडं झूम केलं की जाळी जाते.

एक उणीव मला फार बोचते. फुग्यातला मजकूर हा चित्राचाच भाग असतो, त्यामुळे शब्दावर बोट ठेवून अर्थ बघता येत नाही, एखादं वाक्य कुठल्या खंडात होतं ते शोधता येत नाही, आणि दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणाऱ्या सोयीलाही तिथे काहीच सापडत नाही. मी लक्षात ठेवायची पानं बुकमार्क करते आणि वहीत पान क्रमांक लिहिते.

मेमरीचं सांगायचं तर सुटा अंक माझ्याकडे 50 ते 80 एमबीचा भरतो, जाड खंड 400 च्या पुढे. प्रवासाआधी डाउनलोड करून ठेवा आणि विमानमोड लावून एकदा उघडून बघा. मी न बघता निघाले होते तेव्हा ॲपने फक्त मुखपृष्ठं उतरवली होती.

आता विकत घेतलेल्या कॉमिक्सबद्दल. पाचव्या महिन्यात मी फोन बदलला. नव्या फोनवर ॲप उघडलं तर एका मालिकेचे पहिले दोन खंड आले आणि तिसरा राखाडी दिसू लागला. मदत विभागाचं उत्तर आलं की प्रकाशकाशी असलेला करार संपल्यामुळे हा खंड पुन्हा उतरवता येणार नाही. जुन्या फोनवरून मी तो आधीच पुसला होता. पैसे परत मिळाले, खंड मिळाला नाही. माझं मन फार खट्टू झालं, कारण त्या खंडात मी चौदा बुकमार्क ठेवले होते. नंतर अटी नीट वाचल्या. आपण बहुतेक ठिकाणी पुस्तक विकत घेत नाही, वाचण्याची परवानगी घेतो. ॲपही कायमचं नसतं. कॉमिक्सॉलॉजी 2014 मध्ये ॲमेझॉनने घेतलं आणि डिसेंबर 2023 मध्ये ते स्वतंत्र ॲप बंद होऊन ॲमेझॉनच्या किंडल या वाचन ॲपमध्ये विलीन झालं.

तेव्हापासून मी दोन भाग केले आहेत. एकदा वाचून सोडायचं ते वर्गणीवर वाचते, तिथे काही गेलं तरी दुःख नाही. पुन्हा पुन्हा वाचायचं ते शक्यतो कुलूप नसलेल्या फाइलच्या रूपात घेते. काही प्रकाशक तशी विक्री करतात. या फाइल बहुधा सीबीझेड नावाच्या असतात, आणि त्यात काही गूढ नाही: चित्रांची एक झिप फाइल, फक्त नाव वेगळं. फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून झिप केली की संगणकावर उघडते आणि एकेक पान चित्र म्हणून समोर येतं. कॉमिक्स वाचायची बरीच ॲप्स ती दाखवतात, आणि प्रत मी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवते.

त्या सुटलेल्या शिवणीचा खंडही मी असाच वाचवला, पानं स्कॅन करून स्वतःपुरती फाइल बनवली. पहिल्या प्रयत्नात ॲपने पहिल्या पानानंतर थेट दहावं पान दाखवलं, मग शंभरावं, आणि दुसरं पान पार पुढे कुठेतरी. चित्रांना नुसते 1, 2, 3 असे क्रमांक दिले होते आणि ॲप ते अक्षरांसारखे लावत होतं. सगळ्यांना 001, 002 अशी नावं दिली तेव्हा क्रम लागला. एकशे बावन्न पानं, दोन संध्याकाळी गेल्या. मधल्या पानांवर शिवणीजवळची सावली राहिली आहे आणि सत्तेचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला आला आहे, तो मी तसाच ठेवला. टॅब आडवा धरून काल त्याचं पहिलं प्रकरण वाचलं.